ससा, माळरान आणि बारा बोअर : एका बंदुकीच्या निवडीचा इतिहास

१/
नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना महामार्गालगत जवाहरनगर लागते. ही आयुध निर्माणीची वसाहत. येथे तोफगोळ्यांना गती देणारी धूरविरहित दारू तयार होते. या दारूचे रसायन जन्माला आल्यावर अवघ्या काही दशकांत तिने शिकाऱ्याच्या खांद्यावरची बंदूकही बदलून टाकली. उघड्या, कोरड्या रानात पायी हिंडून सशाची शिकार करायची, तर बंदूक कोणती घ्यावी? प्रश्न साधा वाटतो. त्याच्या उत्तरात मात्र दोनशे वर्षांचे तंत्र, कायदा आणि राजकारण दडलेले आहे. हा धागा त्या उत्तराचा. 🧵

२/
आधी सावजाची ओळख. भारतीय रानातला ससा हा पाळीव सशाचा भाऊबंद खरा, पण वेगळ्या कुळीचा. तो बिळे खोदून वसाहत करत नाही. झुडपाआड किंवा गवतात उथळ खळगा करून तो अंग चोरून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. दक्षिणेत त्याच्या मानेवर काळा डाग असतो. राजस्थानच्या वाळवंटातला त्याचाच भाऊ फिकट वाळूच्या रंगाचा. पाय पडेपर्यंत हा प्राणी हलत नाही आणि हलला की नागमोडी पळतो. बंदुकीची सारी निवड त्याच्या या दोन सवयींभोवती फिरते.

३/
बंदूक येण्यापूर्वीही ससा मारला जात होता, आणि पुष्कळ कौशल्याने. मराठीत जाळ्याला ‘वाघूर’ हा जुना शब्द आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘वागुरा’. सशाच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या वाटांवर वाघूर लावायची आणि दुसऱ्या बाजूने झुडपे बडवत यायचे. फासेपारध्यांच्या नावातच फास आहे. या पद्धतीला ना दारू लागे, ना परवाना. लागे ते रानाचे ज्ञान. पुढे कायद्याने नेमक्या याच लोकांचे काय केले, ते या धाग्यात खाली येईल.

४/
आता बंदुकीकडे. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात दारूला लावावी लागे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी आधी बाहेरच्या कानातल्या दारूवर पडे आणि मग आग आत जाई. दोन्हींत चाप ओढणे आणि बार उडणे यांत जाणवण्याजोगा अवकाश राही. स्थिर लक्ष्यावर हे चालून जाई. पळत्या सशावर किंवा उडत्या पाखरावर मात्र तो क्षणभराचा उशीर म्हणजे हुकलेला बार.

५/
या अडचणीवर उपाय शोधला तो एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. बंदुकीच्या कानात होणारा भडका पाहून पक्षी सावध होतात, हे त्यांच्या ध्यानी आले. आघाताने पेटणारे रसायन वापरून त्यांनी १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली. घोडा टोपीवर आपटला की बार तत्काळ उडे. युद्धाच्या सामग्रीतली एक मोठी क्रांती अशी बदकांच्या शिकारीतून जन्मली.

६/
टोपीच्या या ठासणीच्या बंदुकीला विदर्भात ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा बोळा, आणि गजाने सारे घट्ट बसवायचे. मग टोपी. एका बारानंतर हे सगळे पुन्हा. पावसाळ्यात दारू ओलसर होई, आणि काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग धूर व राख होऊन उरत असल्याने नळी लवकर घाण होई. तरीही गावच्या लोहाराला दुरुस्त करता येणारी हीच एक बंदूक होती. ती शेतकऱ्याच्या घरात टिकली ती त्यामुळे.

७/
पुढची पायरी म्हणजे काडतूस. फ्रान्सच्या लफोशो यांची मागून भरायची, मध्यावर मोडणारी बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडली गेली आणि इंग्रज कारागीर खडबडून जागे झाले. १८६० च्या दशकात बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस रुळले. १८७५ मध्ये अॅन्सन आणि डीली यांनी घोडे आतल्या बाजूस असलेली बंदूक सिद्ध केली. आज ‘दुनळी’ म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते जवळजवळ पूर्ण स्वरूपात तेव्हापासूनचे आहे.

८/
मग ‘बारा बोअर’ म्हणजे नेमके काय? अनेकांना हा आकडा नळीच्या मापाचा वाटतो. तसे नाही. एक पौंड शिशाच्या समान आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळाचा १६.८, विसाचा १५.६. चारशे दहा हा मात्र अपवाद : तो इंचाच्या हजाराव्या भागातला प्रत्यक्ष व्यास आहे, म्हणजे जेमतेम १०.४ मिलिमीटर.

९/
पायी हिंडणाऱ्याला पहिला प्रश्न वजनाचा. सकाळपासून दहा-बारा मैल चालायचे तर प्रत्येक शेर जाणवतो. मग हलकी बंदूक घ्यावी, तर तिचा धक्का खांदा सोलून काढतो. इंग्रज बंदूककार ग्रीनर यांच्या नावाने एक हिशेब सांगितला जातो : बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. बारा बोअरच्या जुन्या काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असत. ३० गुणिले ९६ म्हणजे २.९ किलो. उत्तम इंग्रजी दुनळीचे वजन साधारण तेवढेच भरते, हा योगायोग नव्हे.

१०/
दुसरा प्रश्न छर्ऱ्यांच्या आकाराचा. इंग्रजी मोजणीत एका औंसात ६ नंबरचे २७० छर्रे मावतात, ५ नंबरचे २२० आणि ४ नंबरचे १७०. नंबर लहान तितका छर्रा मोठा. तितरासाठी ६ पुरे, कारण तेथे संख्या महत्त्वाची. ससा अंगाने भरीव. त्याला लहान छर्ऱ्यांनी जखमी करून सोडणे हे जुने शिकारीही लाजिरवाणे मानत. म्हणून सशासाठी ४ किंवा ५ नंबर ही रीत पडली. शिकारीच्या नीतीचा हा एक छोटा नियम काडतुसाच्या डब्यावर छापलेल्या आकड्यात होता.

११/
तिसरा प्रश्न नळीच्या तोंडाचा, म्हणजे ‘चोक’चा. १८६० आणि १८७० च्या दशकांत इंग्लंडमध्ये नळीचे तोंड किंचित आवळण्याची युक्ती विकसित झाली. पूर्ण चोक म्हणजे इंचाचे सुमारे ४० हजारांश भाग. माप असे घेतात : ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात? सरळ नळीतून ४०, थोड्या आवळलेल्या नळीतून ५०, अर्ध्या चोकमधून ६०, पूर्ण चोकमधून ७०.

१२/
हे आकडे एकत्र मांडले की निवडीचे गणित उलगडते. ४ नंबरच्या काडतुसात सुमारे १८० छर्रे. सरळ नळीतून ४० यार्डांवर वर्तुळात पडतील ७२, पूर्ण चोकमधून १२६. झुडपी जंगलात ससा पायाजवळून उठतो आणि १५-२० यार्डांवर दिसेनासा होतो. तेथे पूर्ण चोक सावजाच्या चिंध्या करील किंवा पुरता हुकेल. उघड्या वाळवंटात तो दुरूनच उठतो आणि बराच वेळ दिसत राहतो. तेथे आवळलेली नळी कामाची. दुनळीची खरी सोय ही : उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. जवळचा बार पहिला, दूरचा दुसरा.

१३/
चौथा प्रश्न हवेचा आणि धुळीचा. वाळूत फिरणाऱ्या बंदुकीत जितके कमी हलते भाग, तितके बरे. मोडणारी एकनळी वा दुनळी उघडून नळीतून आरपार पाहता येते आणि चिंधीने पुसता येते. एकामागून एक काडतूस भरणाऱ्या यांत्रिक बंदुकीला धूळ सोसत नाही. उष्णतेने दारूचा दाब वाढतो, म्हणून साहेबांच्या शिकारी रायफलींसाठी उष्ण देशांची कमी भरणीची काडतुसे निराळी निघत. आणि पावसाळ्यात कागदी काडतूस फुगे व नळीत शिरेनासे होई.

१४/
या सगळ्या बदलांच्या मुळाशी रसायन होते. १८४६ मध्ये शोनबाइन यांनी नायट्रेट केलेला कापूस शोधला, १८४७ मध्ये सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन. दोन्ही इतकी चंचल की तोफेत वापरणे म्हणजे तोफ गमावणे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजला वश केले. नोबेल यांचे बॅलिस्टाइट आणि इंग्रजांचे कॉर्डाइट पाठोपाठ आले. धूर जवळजवळ गेला, नळी स्वच्छ राहू लागली, पहिल्या बारानंतर दुसरा बार दिसू लागला. दुनळीचे दोन बार खऱ्या अर्थाने दोन झाले ते तेव्हा.

१५/
आतापर्यंतचा प्रश्न ‘कोणती बंदूक’ हा होता. भारतात त्याआधी दुसरा प्रश्न उभा राही : ‘कोणाच्या हाती?’ १८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी मुद्दाम पेच नसलेल्या, सरळ नळीच्या बंदुका बनवल्या. पेचदार नळीची रायफल दूरवर अचूक मारा करते. ती गोऱ्या पलटणींकडे राहिली. पुढे पोलिसांसाठी लष्करी रायफलीच्या नळ्या सरळ करून चारशे दहा बोअरचे एकबारी मस्केट तयार झाले. राज्यकर्त्यांनीही बंदूक निवडली होती, सावज मात्र निराळे होते.

१६/
१८७८ हे वर्ष लक्षात ठेवावे. लॉर्ड लिटन यांच्या काळात त्या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांचा मुस्कटदाबी कायदा आला आणि शस्त्र कायदाही. हत्यार बाळगायला परवाना हवा. गोऱ्यांना आणि इतर काहींना मात्र त्यातून सूट. म्हणजे उन्हाळी सुटीत माळावर ससे मारणाऱ्या तरुण इंग्रज कारकुनाला कोणाला विचारावे लागत नसे, आणि डुकरांनी भातशेती उद्ध्वस्त केलेल्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीसाठी साहेबाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहावे लागे.

१७/
या भेदाची सल खोल होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतूनच शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव होऊ लागले. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत करतात. वंशावर आधारलेली सूट १९२० मध्ये नियम बदलून काढली गेली. परवान्याची पद्धत राहिली, आणि ती प्रतिष्ठेची निशाणीही बनली. ‘वाड्यात दुनळी आहे’ हे वाक्य गावात मालमत्तेचे वर्णन म्हणून बोलले जाई.

१८/
आणि ज्यांना बंदूक लागतच नव्हती, त्यांचे काय? १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ असा वर्ग निर्माण केला. पुढे तो कायदा एकेका प्रांतात पसरत गेला आणि पारधी समाजही त्याच्या कचाट्यात सापडला. वाघूर लावणारा जन्मतःच संशयित ठरला, दुनळी मिरवणारा ‘शिकारी’ म्हणून गौरवला गेला. दोघांचे सावज एकच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या; कपाळीचा शिक्का मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाही.

१९/
स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे तेरावे कलम इतिहासप्रेमींनी मुद्दाम वाचावे. संरक्षण वा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, सरळ नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्यांना त्यात वेगळे व तुलनेने सोपे स्थान दिले आहे. दुनळी आणि भरमार ही जुनी जोडी अशी थेट प्रजासत्ताकाच्या कायद्यात येऊन बसली. वसाहतीच्या काळातला वर्गभेद वंशाचा राहिला नाही, पण ‘खेळणारा’ आणि ‘राखणारा’ यांची बंदूक निरनिराळीच राहिली.

२०/
दरम्यान रान बदलत होते. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत ससा होता; विणीच्या हंगामात शिकार बंद करण्याची सोय त्यात होती. पण त्या कायद्याने गृहीत धरलेला शिकारी पायी चालणारा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, प्रखर दिवा आला. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, एका रात्री वाहनातून तीन चित्ते टिपले गेले; भारतातल्या चित्त्यांची ती अखेरची खात्रीशीर नोंद मानली जाते. ‘पायी’ ही अट गळाली आणि माळरानाचा तोल गेला.

२१/
महाराष्ट्रात वाळवंट नाही. त्याच्या जवळ जाणारा मुलूख म्हणजे सोलापूर-नगरकडचा पर्जन्यछायेतला माळ. ससा, काळवीट आणि माळढोक यांचे ते घर. उघड्या रानात बारा बोअरला आड काही नसते. माळढोक सरसावला त्याला शिकार हे एक कारण होते, कुरणे नांगराखाली जाणे हे दुसरे. १९७९ मध्ये नान्नजला माळढोकसाठी आणि १९८० मध्ये रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्ये झाली. ससा चिवट, तो तरला. माळढोक मात्र आज महाराष्ट्रात जवळजवळ स्मृतीपुरता उरला आहे.

२२/
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आरंभी शिकारीच्या परवान्यांना जागा होती. ‘लहान शिकार’ हा त्यातला एक वर्ग. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. आज रानातला ससा मारणे हा गुन्हा आहे, मग बंदूक दुनळी असो की भरमार, की जाळे. दीड शतक घासून परिपूर्ण केलेले ते सारे गणित, ९६ पट वजन, ४ नंबर, डावी नळी आवळलेली, भारतात एका दुरुस्तीने इतिहासजमा झाले.

२३/
मराठी मनातही हा बदल झाला, आणि त्याची एक खूण याच परिसरात आहे. कोरड्या माणदेशात वाढलेले व्यंकटेश माडगूळकर शिकारी होते. पुढे ते तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले ते पाहण्यासाठी, आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. १९७० मध्ये अभयारण्य झालेले ते रान २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. नेम धरायला शिकवणारी नजर तीच असते. माडगूळकरांनी ती चापावरून लेखणीकडे वळवली.

२४/
आणि दारू? ती आजही बनते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बारा बोअरची भारतीय काडतुसे तेथली. जवाहरनगरची निर्माणी स्वातंत्र्योत्तर काळातली, पहिल्या पंतप्रधानांच्या नावाच्या वसाहतीत वसलेली. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या एकाच सरकारी कंपनीत आहेत. शोनबाइन यांचा तो चंचल कापूस वश झाला असे आपण म्हणतो, पण पूर्ण कधीच नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत भीषण स्फोट झाला. त्यात किमान आठ कामगारांचा बळी गेला.

२५/
म्हणून ‘सशासाठी कोणती बंदूक’ या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर चार ओळींत मावते : हलकी दुनळी, बारा किंवा सोळा बोअर, ४ वा ५ नंबर, एक नळी मोकळी आणि एक आवळलेली. इतिहासाचे उत्तर लांब आहे. त्यात परवान्यासाठी रांगेत उभा राहिलेला शेतकरी आहे, वाघुरीसकट गुन्हेगार ठरवलेला पारधी आहे, माळावरून नाहीसा झालेला माळढोक आहे आणि दारूच्या इमारतीत पाळीवर गेलेला कामगार आहे. पुढल्या वेळी एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर किंवा संग्रहालयात दुनळी दिसली, तर तिच्या नळीवर कोरलेला बोअरचा आकडा जरूर शोधा. आणि ती कोणाच्या नावावर होती, हेही विचारा.

(धागा समाप्त)